आधी निर्णय लिहा, मग आकडे गोळा करा: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या संस्थाचालकांसाठी

कळवा, मुंब्रा, दिवा, तुर्भे, दिघा या पट्ट्यात वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांमध्ये आता नवीन पोरं-पोरी जबाबदारी घेतायत. कोणी सोशल वर्क शिकून आलंय, कोणी त्याच वस्तीत वाढून तिथल्याच अभ्यासवर्गात ताई झालंय आणि आता अख्खा प्रोजेक्ट सांभाळतंय, आणि या सगळ्यांच्या मागे ट्रस्टी, फंडर, सीएसआरवाले (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी देणारे) सगळे एकच लावून धरतात की डेटा दाखवा. मग होतं काय, चाळीस प्रश्नांचा फॉर्म बनतो, ताया उन्हात दारोदार फिरतात, एक्सेल भरतं, रिपोर्टात दोन रंगीत चार्ट जातात, आणि पुढच्या वर्षी नवीन वर्ग कुठे काढायचा हे मात्र परत कोणाच्या तरी अंदाजावरच ठरतं. ताईंची मेहनत आणि वस्तीतल्या लोकांचा वेळ असा वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. उदाहरणांत 'समजा' म्हणून घेतलेले आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून आहेत.

पहिलं काम: कुठला निर्णय अडलाय ते एका कागदावर लिहा

लॅपटॉप उघडू नका. कागद घ्या आणि येत्या सहा महिन्यांत तुम्हाला खरंच घ्यायचे आहेत असे निर्णय लिहा. "मुलांचा शैक्षणिक स्तर समजून घेणे" हा निर्णय होत नाही. "तुर्भे स्टोअरचा संध्याकाळचा वर्ग चालू ठेवायचा, वेळ बदलायची की बंद करून ती ताई दिघ्याला द्यायची" हा निर्णय आहे, कारण यात तीन वाटा आहेत आणि त्यातली एक धरली की पैसे आणि माणूस हलतो.

प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहा: तो कोण घेणार, कोणत्या तारखेपर्यंत, कुठला आकडा बघून, आणि तो आकडा किती आला तर काय करणार. सगळी जादू या चौथ्या गोष्टीत आहे आणि नेमकी तीच सगळे सोडून देतात. उदाहरणार्थ, "ऑगस्टअखेर पटावरच्या निम्म्याहून कमी मुलं आठवड्यातून तीन दिवस येत असतील तर वेळ बदलू, वेळ बदलूनही ऑक्टोबरअखेर तेच राहिलं तर वर्ग हलवू." हे आधी लिहून ट्रस्टी आणि ताई दोघांना दाखवून ठेवा. आकडा आल्यावर रेषा ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्याला हवी तिथे रेषा ओढतो, आणि ते लबाडीने होतं असंही नाही, त्या वर्गावर सगळ्यांचा जीव असतो म्हणून होतं.

रेषा आधी ठरलेली असली की काम किती सोपं होतं हे पोषणाच्या कामात दिसतं. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर पट्टीने मोजला आणि तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम. पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा रंगच असतो. वस्तीत फिरणाऱ्या ताईला मीटिंग लागत नाही, एक्सेल लागत नाही, लाल आलं की मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. तुमच्या कामात अशी जगमान्य रेषा नसेल तर तुमची तुम्ही आखा, पुढच्या वर्षी सुधारता येते.

आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराने कुठलाच निर्णय बदलणार नाही तो प्रश्न फॉर्ममधून काढून टाका. घरात टीव्ही आहे का, जमीन गावाला किती एकर, हे "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून विचारलं जातं आणि कधीच लागत नाही.

घरात आहे ते आधी बघा

नवीन सर्व्हे करण्याआधी कपाट उघडा. हजेरीची रजिस्टरं, प्रवेशाचे फॉर्म, खर्चाची व्हाउचरं, ताईंच्या डायऱ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे रोजचे "आज १७ मुले उपस्थित" असे मेसेज. बहुतेक लहान संस्थांकडे पहिल्या निर्णयापुरता डेटा आधीच असतो, फक्त तो कागदावर झोपलेला असतो. सगळी वर्षं टाइप करत बसू नका, गेले तीन महिने घ्या, तेवढे पुरतात.

शीट कशी बनवायची यावर जरा थांबते, कारण पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो. एका ओळीत एकच मूल, आणि त्या मुलाला एक कोड, म्हणजे समजा 'तुस्टो-०१४'. नावावर विसंबू नका, आमच्या भागात एकाच गल्लीत तीन आयेशा शेख आणि दोन साहिल पवार असतात, वर शेख कुठे शेख, कुठे शैख लिहिलेलं. वस्तीचं नाव हाताने टाइप करू देऊ नका, कारण 'तुर्भे स्टोअर', 'तुर्भे स्टोर' आणि 'तुर्भे स्टोअर्स' या कॉम्प्युटरच्या लेखी तीन वस्त्या होतात आणि तुमची बेरीज तीन तुकड्यांत फाटते. गूगल शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन वापरून ड्रॉपडाऊन (ठरलेल्या यादीतून निवडायची सोय) लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

ड्रॉपडाऊनमध्ये वस्तीसोबत महापालिकेच्या प्रभागाचाही एक कॉलम ठेवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं आहेत (बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा) आणि ठाण्यात माजिवडा-मानपाडा, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे, नौपाडा-कोपरी, उथळसर, कळवा, मुंब्रा, दिवा अशा प्रभाग समित्या. पालिकेकडून कधी माहिती मागितली तर ती याच हिशोबाने येते, मग तुमची शीट तिच्याशी जुळते, नाहीतर तेव्हा बसून सगळं परत वाटावं लागतं.

अजून बारीकसारीक: सेल मर्ज करू नका. 'पिवळा रंग म्हणजे शाळा सोडलेली मुलं' असा रंगाने अर्थ लावू नका, रंग मोजता येत नाही, त्यासाठी वेगळा कॉलम करा. शून्य आणि रिकामं यात फरक ठेवा, शून्य म्हणजे मूल आलं नाही, रिकामं म्हणजे त्या दिवशी हजेरीच घेतली नाही, आणि हे दोन मिसळले की सरासरी खोटी येते. मूळ शीट प्रोटेक्ट करून ठेवा, जे काही उद्योग करायचे ते कॉपीवर. बाकी फिल्टर आणि पिव्हॉट टेबल (गटवार बेरजा काढून देणारा तक्ता) या दोन गोष्टी यूट्यूबवर मराठीत बघून शिका, पहिली दोन वर्षं याच्यापुढे फारसं काही लागत नाही आणि महागडं सॉफ्टवेअर तर नक्कीच लागत नाही.

टक्का बघताना खालचा आकडा बघा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. समजा जूनमध्ये वर्गाच्या पटावर ४० मुलं, सरासरी हजेरी ६० टक्के. ऑक्टोबरमध्ये हजेरी ८० टक्के. ट्रस्टी खूश, रिपोर्टात वाक्य गेलं की हजेरीत २० टक्क्यांनी वाढ. पण ऑक्टोबरपर्यंत १५ मुलं गळाली होती आणि ताईंनी नियमाप्रमाणे त्यांची नावं पटावरून काढली, पट राहिला २५ चा. म्हणजे जूनमध्ये रोज २४ मुलं बसत होती आणि ऑक्टोबरमध्ये २०. टक्का वाढला, मुलं कमी झाली. आणि जी गेली ती बहुतेक तीच असतात ज्यांच्यासाठी आपण वर्ग काढला होता, म्हणजे लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुली, वडिलांसोबत नाक्यावर जायला लागलेले मुलगे.

म्हणून जूनला जी मुलं आली त्या तुकडीचा पट गोठवून ठेवा. वर्षभर भागाकार त्याच पटाने करायचा, गेलेलं मूल गळालं म्हणून नोंदवायचं, तारीख आणि कारण लिहायचं, पण ओळ पुसायची नाही. नवीन आलेल्या मुलांची वेगळी तुकडी. परीक्षेच्या मार्कांनाही हाच नियम, कारण कच्ची मुलं गेली की वर्गाची सरासरी आपोआप वर जाते आणि त्यात ताईंनी काही शिकवलंय की नाही हे कळतच नाही.

टक्के लिहाल तिथे शेजारी 'किती पैकी किती' लिहायची सवय लावून घ्या. "५० टक्के मुलींनी शाळा सोडली" हे चार पैकी दोन असेल तर ते दोन घरी जाऊन बोलायचं काम आहे, त्यावर चार्ट काढायचा नसतो.

सरकारी आकडेवारी वापरा, पण ती कुठल्या हद्दीची आहे ते बघून

प्रपोजलमध्ये सर्रास एक वाक्य असतं, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख. हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे, तेव्हा ठाणे देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता आणि त्यात आजचा पालघर जिल्हा धरलेला होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. म्हणजे आजच्या ठाण्यासाठी तो आकडा वापरला की वसई-विरारपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतची माणसं तुम्ही आपल्यात मोजली. त्याऐवजी महापालिकेचा आकडा घ्या: २०११ ला ठाणे महापालिका साधारण १८.४ लाख, नवी मुंबई ११.२ लाख. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे, त्यामुळे हेही जुनेच आकडे. दिवा किंवा घोडबंदर रोड तेव्हापासून किती वाढलंय हे रोज ट्रेनमध्ये दिसतं, तेव्हा वस्तीच्या पातळीवर हे आकडे वापरू नका, पार्श्वभूमी म्हणून द्या आणि वर्ष लिहा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हाच खड्डा आहे. चौथी फेरी २०१५-१६ ची, ती २०११ च्या जिल्ह्यांप्रमाणे झाली, म्हणजे तिथल्या ठाण्यात पालघर आहे. पाचवी २०१९-२१ ची, तिथे पालघर वेगळा आहे. दोन्ही फेऱ्यांचं ठाण्याचं पत्रक शेजारी ठेवून "कुपोषण एवढं घटलं" असं लिहिलं तर तुम्ही दोन वेगळे प्रदेश ताडून बघितलेत. जव्हार-मोखाडा हिशोबातून बाहेर गेल्यावर आकडा तसाही बदलणारच होता.

शिक्षणात काम करत असाल तर 'असर'चा अहवाल हमखास हाताशी येतो. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चाललेलं हे मोठं काम आहे, पण तो सर्व्हे ग्रामीण भागाचा आहे, गावांतल्या घरांत जाऊन केलेला. त्यातला ठाण्याचा आकडा शहापूर-मुरबाडकडच्या गावांबद्दल बोलतो, कळव्याच्या चाळींबद्दल त्यात काहीच नसतं. त्यांची वाचन तपासायची पद्धत मात्र जरूर उचला, त्यावर पुढे येतेच.

शाळांचा पट, शिक्षक, शौचालयं यासाठी यूडायस प्लस ही शाळांची सरकारी नोंद आहे, प्रत्येक शाळेला ११ अंकी कोड असतो. तुमच्या प्रवेश फॉर्ममध्ये शाळेच्या नावाशेजारी तो कोड घ्या, मग कुठल्या शाळेतून मुलं गळतायत हे थेट जुळवता येतं. आणि जे कुठेच सापडत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नेमका हवा, "कुपोषणाची माहिती द्यावी" असा अर्ज केला तर हाती काही लागत नाही, "अमुक प्रभागातील अंगणवाडीनिहाय, अमुक महिन्यात वजन घेतलेल्या बालकांची संख्या व त्यापैकी तीव्र कुपोषित बालकांची संख्या" असं विचारा. तीस दिवसांचा हिशोब निर्णयाच्या तारखेत आधीच धरायचा.

नवीन माहिती गोळा करायचीच असेल तर

कमी विचारा. एका पानाच्या पुढे फॉर्म गेला की समोरची बाई ओट्यावर दूध ठेवून आलेली असते आणि शेवटच्या दहा प्रश्नांना ती फक्त "हो हो" म्हणते. फॉर्म आधी पाच घरांत वापरून बघा, तुमच्या ओळखीच्या घरांत नको. "उत्पन्न किती" विचारलं तर कोणी खरं सांगत नाही आणि रोजंदारीवाल्याला ते एका आकड्यात सांगताही येत नाही, "गेल्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं" हे मात्र लगेच सांगतात.

कधी जाता यावर उत्तरं ठरतात. सकाळी अकराला तुर्भ्याच्या वस्तीत गेलात तर एपीएमसीत आणि एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाया सापडणारच नाहीत, ज्या घरी आहेत त्याच तुमच्या डेटात येतील, आणि मग रिपोर्ट म्हणणार की वस्तीत काम करणाऱ्या बाया कमी आहेत. नाका कामगारांना नाक्यावर सकाळी काम मिळायच्या आत गाठायचं. मे महिन्यात निम्मी वस्ती गावी असते, जूनमध्ये लोक परतत असतात, गणपतीत कोकणातल्या लोकांची इथली घरं बंद, रमजानमध्ये मुंब्र्यात दिवसाचा क्रमच वेगळा. शीटमध्ये एक कॉलम सण-सुट्ट्यांचा ठेवा आणि या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा.

सगळ्यांकडे जायची गरज नसते. एक पद्धत आहे जी मला लहान संस्थांसाठी फार उपयोगी वाटते आणि आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. कारखान्यात मालाचा लॉट तपासायला ती निघाली आणि नंतर आरोग्याच्या कामात आली. एका केंद्रातून फक्त १९ माणसं निवडायची. तुमचं उद्दिष्ट समजा असं आहे की ८० टक्के आयांना जुलाबात ओआरएस कसं बनवायचं ते नीट सांगता यावं. १९ जणींना विचारा. १३ किंवा जास्त जणींनी बरोबर सांगितलं तर ते केंद्र पास, १३ पेक्षा कमी आल्या तर तिथे लक्ष घालायचं. उद्दिष्ट ५० टक्क्यांचं असेल तर रेषा ७ वर येते. १३ म्हणजे तर ६८ टक्केच झाले, मग पास कसं, असं वाटेल. पण नमुना लहान असला की नशिबाने दोन-चार इकडे-तिकडे होतातच, चांगलं केंद्र उगाच नापास होऊ नये म्हणून रेषा खाली घेतलेली असते. यातून "वस्तीत ६८ टक्के" असं काही लिहायचं नाही, त्यासाठी १९ फार कमी आहेत. यातून एवढंच कळतं की या महिन्यात पर्यवेक्षिकेने कुठल्या केंद्रावर जायचं, आणि आपला निर्णय बहुतेक तेवढाच असतो.

अट एकच, ते १९ जण चिठ्ठ्या टाकून निवडायचे. यादीतल्या सगळ्या कोडच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, १९ काढा. ताईंना "कोणाही १९ जणींना विचारा" म्हटलं तर त्या मीटिंगला नेहमी येणाऱ्याच आया धरतील आणि गल्लीच्या तोंडावरचीच घरं येतील, आत नाल्याकडेची येणार नाहीत.

मुलांचं शिकणं मोजायचं तर मार्कांपेक्षा पायऱ्या बघा. असरच्या पद्धतीत मुलाला एकेकटं बसवून वाचायला देतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचतं ती त्याची पायरी. पाच मिनिटांत होतं, ताईला लगेच कळतं की उद्या याला कुठल्या गटात बसवायचं, आणि "जूनमध्ये गोष्ट वाचणारी ३० पैकी ६, डिसेंबरमध्ये त्याच ३० पैकी १४" हे वस्तीतल्या कोणालाही समजतं. जूनची नोंद पहिल्या दोन आठवड्यांतच करा, ती राहिली तर वर्षअखेरीला ताडून बघायला हातात काहीच नसतं.

फोनवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्स चांगलं, मराठीत फॉर्म बनतो आणि नेटशिवाय चालतो, येऊरच्या पाड्यांवर रेंज नसेल तिथे भरून खाली आल्यावर पाठवता येतं. पण ताईंना कागद सोयीचा असेल तर कागद ठेवा, दर शुक्रवारी एकीने शीटमध्ये चढवायचं.

हे आपल्यामुळे झालं का?

हा प्रश्न अवघड आहे आणि लहान संस्था तो टाळतात. दहा केंद्रांपैकी जूनमध्ये सगळ्यात खाली असलेली तीन निवडून तिथे जादा मेहनत घेतली आणि सप्टेंबरला ती सुधारली, तर लगेच आपल्या पाठीवर थाप मारू नका. जूनमध्ये ती खाली असण्यात थोडा योगायोगाचा भाग होता, कोणाचा पट गावाहून परतला नव्हता, कुठे पाणी साचलं होतं, आणि तो भाग काही न करताही निघून जातो. खरं कळायचं तर शेजारी असं ठिकाण हवं जिथे आपण तेवढ्या काळात काही केलं नाही.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच केलं होतं. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्या बायांना तयार केलं, ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांत नुसती नोंद ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात होतं. शेजारच्या ४७ गावांची नोंद नसती तर "तसंही सगळीकडे कमी होतच असेल" म्हणून कोणीही ते बाजूला सारलं असतं. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरी काळजी देशभर आली, त्यामागे हा पुरावा होता.

तुम्हाला एवढं मोठं करायला नको. पैसे कमी असल्याने दोन वस्त्यांत एकदम सुरू करता येत नाहीच, मग चिठ्ठी टाकून ठरवा की कळव्यात जूनला आणि दिघ्यात डिसेंबरला, आणि जूनची वाचन चाचणी मात्र दोन्हीकडे घ्या. डिसेंबरपर्यंत दिघा हीच तुमची तुलना. कोणाचं काही काढून घेतलेलं नाही, फक्त रांग नीट लावली.

महिन्यातून एकदा, एक तास, एक तक्ता

डेटा ऑफिसात बसून वाचू नका, ज्यांनी गोळा केला त्यांच्यासोबत वाचा. महिन्याची मीटिंग असतेच, त्यात एक तास यासाठी. एकच तक्ता, मोठ्या अक्षरात, प्रिंट काढून. आधी ताईंना विचारा की तुम्हाला काय वाटतं आकडा किती असेल, मग दाखवा. समजा असं दिसलं की मंगळवार आणि शुक्रवारी हजेरी पडते. मुलगे-मुली वेगळे करून बघा. फक्त मुलीच गैरहजर. इथपर्यंत शीट सांगते, पुढे शीटला काही माहीत नसतं, पण ताई एका सेकंदात सांगते की त्या दिवशी आमच्या गल्लीत सहा वाजता टँकर येतो आणि हंडे घेऊन पोरीच उभ्या असतात. निर्णय तिथेच झाला, त्या दोन दिवशी वर्ग साडेसातला. पुढच्या महिन्यात फक्त त्या दोन दिवसांची मुलींची हजेरी बघायची.

म्हणून प्रत्येक आकडा मुलगा-मुलगी, वस्ती आणि आठवड्याचा वार असा फोडून बघायची सवय ठेवा. सरासरीच्या आत या मुली दिसत नाहीत.

ताईंच्या मानधनाला मात्र हजेरीचा आकडा कधीच बांधू नका. ज्या दिवशी बांधाल त्या दिवसापासून रजिस्टर भरलेलं दिसायला लागेल आणि तुमचा डेटा कायमचा गेला. आकडा वाईट आला म्हणून कोणाला मीटिंगमध्ये बोल लावला तरी तेच होतं. वाईट आकडा लवकर सांगणाऱ्या ताईचं सगळ्यांसमोर कौतुक करा, मनापासून करा.

मुलांची माहिती ही मुलांची आहे

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायद्याच्या धाकाने नको, पण मुंब्र्यातल्या एखाद्या आईने विश्वासाने सांगितलेलं घरातलं भांडण 'लिंक असलेला कोणीही बघू शकेल' अशा शीटमध्ये पडून असणं हे चूकच आहे. आधार नंबर घेऊच नका, तुमच्या कुठल्या निर्णयाला तो लागतो? नाव आणि कोड जुळवणारी यादी एका शीटमध्ये, बाकी सगळी माहिती फक्त कोडवर दुसऱ्या शीटमध्ये, पहिलीचा ॲक्सेस दोघांपुरता. हिंसाचार, आजार, एचआयव्ही अशा नोंदी त्यातही नको, त्या समुपदेशकाकडे कुलपात. कोणी काम सोडून गेलं की त्याच दिवशी ॲक्सेस काढायचा.

फंडरशी बोलताना

सीएसआरच्या नियमात, २०२१ पासून, ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे तिने १ कोटी आणि त्यापुढच्या प्रोजेक्टचं स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यायचं असतं. तुमचा चार लाखांचा प्रोजेक्ट त्यात येत नाही, पण फॉरमॅट मात्र बऱ्याचदा तोच पाठवतात. तेव्हा नम्रपणे सांगा की आम्ही हे चार आकडे दर महिन्याला बघतो, यावरून हे निर्णय घेतो, हे तुम्हाला देऊ. गेल्या तीन महिन्यांत आकडा बघून काय बदललं हे एका परिच्छेदात लिहा, टँकरच्या उदाहरणासारखं. समजूतदार फंडर हे लगेच ओळखतो. ठरलेली रेषा गाठली नसेल तर ते वर्षअखेरीच्या रिपोर्टात येण्याआधी फोन करून सांगा, सोबत पुढचं पाऊल काय तेही सांगा.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात फक्त एक निर्णय निवडा आणि जुन्या रजिस्टरांची शीट करा. दुसऱ्यात पट गोठवा, ड्रॉपडाऊन लावा, पहिली एक तासाची मीटिंग घ्या. तिसऱ्यात १९ चिठ्ठ्या काढून एका केंद्राची तपासणी आणि वस्तीत एक सभा. या सगळ्याला एका माणसाचे आठवड्याचे दोन-तीन तास जातात, आणि ते तास त्याच्या कामात धरलेले हवेत, रात्री घरी बसून करायचे नकोत.

सभेचं सांगते. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती परत दाखवायची, समाजमंदिरात किंवा अंगणवाडीबाहेर, रविवारी संध्याकाळी, चार्ट पेपरवर, मोठ्याने वाचून, कोणाचं नाव न घेता. "जूनला पटावर ४० मुलं होती, आता २५ उरलीत, बाकीची कुठे गेली?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. कोणी म्हणेल आकडा चुकलाय, तर वाद घालू नका, ते काय म्हणतायत ते शीटच्या शेवटच्या कॉलममध्ये तारखेसकट लिहा आणि पुढच्या शुक्रवारी रजिस्टर काढून त्यांच्यासोबतच तपासा.